जुना ॲम्प्लिफायर आणि ‘सगळे कंडेन्सर बदला’

जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरबद्दल एक संदेश सगळीकडे फिरतोय. सेट २० वर्षांहून जुना असेल तर आतले सगळे कंडेन्सर (वीज साठवणारे भाग, कपॅसिटर) गेलेले समजा आणि सरसकट बदला. फिल्टर, म्हणजे पॉवर सप्लायमधले मोठे कंडेन्सर, चौपट मोठे टाका, बास वाढेल. आतच ब्लूटूथ बोर्ड बसवा. खर्च झेपत नसेल तर भंगारात द्या. यातलं पहिलं अर्धवट खरं आहे. बाकीचं सेटच्या जिवावर उठणारं.

‘सगळे कंडेन्सर बदला’

वाळतात ते इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे आत द्रव असलेले डबीसारखे कंडेन्सर. फिल्म आणि सिरॅमिक सहसा वयाने जात नाहीत, त्यांना हात लावू नका. इलेक्ट्रोलिटिकलाही वयापेक्षा उष्णता खाते: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. म्हणून हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना) खेटलेले छोटे आधी जातात आणि मोकळ्या हवेतले मोठे फिल्टर बऱ्याचदा ठणठणीत निघतात. चाळीस कंडेन्सर एका बैठकीत बदलले की जुन्या बोर्डाची प्रिंट (तांब्याच्या रेषा) उखडते, एखादा उलटा बसतो, आणि मूळ दोष राहतो तिथेच.

त्यापेक्षा लक्षण ओळखा. कमी आवाजात एक चॅनल गायब आणि व्हॉल्यूम चढवला की परत, तर बहुधा स्पीकर रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेवरच्या स्विचचे) कॉन्टॅक्ट काळे पडलेत. कॉइलच्या त्याच व्होल्टचा नवा रिले टाका. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर पॉटमध्ये (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरमध्ये) कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. तरीही खरखर राहिली तर बहुधा पॉटवर डीसी येतोय, म्हणजे अलीकडचा किंवा पलीकडचा कपलिंग कंडेन्सर (डीसी अडवून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडणारा) लीक आहे. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही दोन्ही चॅनलवर घूंऽ वाजत असेल, तेव्हा फिल्टरवर संशय घ्या.

वर्षानुवर्षं बंद पडलेला सेट थेट प्लगला लावू नका. सिरीज बोर्डवर, म्हणजे सेटला जाणारी वीज बल्बमधून नेणाऱ्या बोर्डवर, ६० किंवा १०० वॉटचा जुना तारेचा पिवळा बल्ब लावा (एलईडी चालत नाही). बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीतच राहिला तर आत शॉर्ट आहे. या पायरीला रिले लागला नाही तर घाबरू नका, व्होल्टेज कमी पडतं. मग थेट मेन्सवर, स्पीकर न जोडता, १० मिनिटांनी स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर चांगलं, १०० च्या वर असेल तर आधी दुरुस्ती. रिले लागलाच नसेल तर टर्मिनलवर शून्य दिसेल आणि फसाल. रिलेच्या अलीकडे, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या बाजूला, मोजा.

न तपासता बदलावा असा एकच: मेन्सच्या दोन तारांमध्ये बसलेला जुना कागदी कंडेन्सर, पिवळसर पारदर्शक आवरणाला तडे गेलेला. तो धूर सोडतो. तिथे त्याच क्षमतेचा एक्स-२ दर्जाचाच (मेन्सवर वापरण्यासाठी बनवलेला) टाका.

‘मोठे फिल्टर, जास्त बास’

४७०० मायक्रोफॅरडच्या जागी २२००० टाकले की चालू करताना करंटचा धक्का ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड), फ्यूज आणि पॉवर स्विचला बसतो. ६८०० पर्यंत सहसा चालतं. व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, आणि १०५ अंशांचा. बास यातून येत नाही.

‘आत ब्लूटूथ’

सेटच्याच सप्लायवर बोर्ड चालवला की ग्राउंड एक होतो आणि स्पीकरमधून चिवचिव येते. बाहेरचा रिसीव्हर वेगळ्या चार्जरवर लावून ऑक्स किंवा टेप इनपुटला द्या. फोनोला (रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटला) कधीच नको. पॅनेलला पाडलेलं भोक मात्र विकताना भाव पाडतं.

‘नाहीतर भंगार’

निर्णय ट्रान्सफॉर्मरवर आणि सुटे भाग मिळण्यावर घ्या. ट्रान्सफॉर्मर शाबूत आणि आउटपुटला सुटे ट्रान्झिस्टर असतील तर दुरुस्ती परवडते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर २एससी५२०० आणि २एसए१९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी सहज मिळते, पण नकली मालही भरपूर. फार स्वस्त दिसली तर सोडा. उडालेल्या चॅनलची जोडी एकत्र बदला आणि ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, एमिटर रेझिस्टर तपासल्याशिवाय सिरीज बल्ब काढू नका. एसटीके आयसीवरचा (सगळा आउटपुट एकाच चिपमध्ये असलेला) सेट असेल तर खरा आयसी मिळाल्याशिवाय कामाला हात घालू नका.

ट्रान्सफॉर्मर जळालाय किंवा डिस्प्लेचा प्रोसेसर गेलाय, तर विका. पण ‘सुट्या भागांसाठी’ असं लिहून, भंगाराच्या वजनावर नव्हे. मागच्या पट्टीवर १०० किंवा १२० व्होल्ट छापलं असेल तर जाहिरातीत तेच आधी लिहा. घेणाऱ्याने तो सेट थेट २३० ला लावला तर फ्यूज तर जाईलच, ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो.