मजकूर जेवढा, बॉक्स तेवढा

सोसायटीच्या नोटिसा टाइप करून प्रिंट काढायला पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटं ॲप करत होतो, टीकेइंटर (पायथनसोबत येणारं, खिडक्या-बटणं बनवायचं साधन) वापरून. सेक्रेटरी काकांची अट एकच, "मजकूर जेवढा, बॉक्स तेवढा. त्यात काय एवढं?"

टीकेइंटरचं लेबल तसं गुणी, मजकूर द्या, ते बरोबर तेवढंच होतं. पण त्यात टाइप करता येत नाही. त्याला टेक्स्ट विजेट, म्हणजे टाइप करायचा बॉक्स, लागतं आणि हे महाशय, काही सांगितलं नाही तर, 80 अक्षरं रुंद नि 24 ओळी उंच होऊन बसतात, जुन्या टर्मिनलसारखे, आत फक्त "उद्या पाणी नाही" लिहिलेलं असलं तरी. बरं, माप द्यायचं ते पिक्सेलमध्ये नाही, अक्षरांत. कुठलं अक्षर? तर फॉन्टमधला इंग्रजी शून्य! आपला "अध्यक्ष" डोळ्याला तीन अक्षरं, पायथनला विचारलं तर म्हणतो सात, आणि शून्यांच्या हिशोबात किती ते त्या फॉन्टलाच माहीत.

रुंदीचं कसंतरी जमवलं. उंची मात्र ओळी कुठे मोडतात त्यावर, ओळी मोडणार रुंदीवर, रुंदी ठरणार खिडकीवर आणि खिडकी म्हणते आधी आतल्यांचं ठरू दे. विजेटलाच विचारलं बाबा तुझी उंची किती, तर म्हणे 1. एक पिक्सेल! पडद्यावर आल्याशिवाय तो खरं सांगतच नाही, म्हणजे शिंप्यानं म्हणावं आधी शर्ट घालून या, मग माप घेतो. मग अपडेट-आयडलटास्क्स ही आज्ञा देऊन, राहिलेली कामं उरक म्हणत, त्याला जरा ढोसायचं, मग काउंट या मोजणाऱ्या आज्ञेला डिस्प्लेलाइन्स, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या ओळी, विचारायच्या. त्यातही हिशोब शून्य आला तर सरळ शून्य म्हणणार नाही, नन (पायथनचं "काहीच नाही") म्हणणार, आणि माझा कोड त्यावर आडवा.

टाइप करताना बॉक्स वाढावा म्हणून मॉडिफाइड इव्हेंट, म्हणजे मजकूर बदलल्याची सूचना, धरला. तो एकदा वाजला की "बदललं" हा झेंडा आपण खाली करायचा, नाहीतर पुन्हा वाजत नाही, आणि झेंडा खाली केला की तेवढ्यासाठी परत वाजतो. दारावरची बेल बंद करायला पण बेलच दाबायची. क्यूटी हे टीकेइंटरसारखंच दुसरं साधन वापरणारा मित्र हे ऐकून खूप हसला, पण त्याचा टेक्स्टएडिट हा बॉक्स तरी काय, सेटिंग बदललं नाही तर आत एक शब्द असो की अख्खा इतिवृत्तांत, आपलं 256 बाय 192 पिक्सेल सांगून मोकळा.

शेवटी सगळं जुळलं, काकांना दाखवलं. काकांनी वरचं "नोटीस" मोठ्या ठळक फॉन्टमध्ये केलं. आता टेक्स्ट विजेटची उंची मोजली जाते मूळ फॉन्टच्या ओळींत, मोठ्या ओळीला जास्तीची जागा कोण देणार? शेवटची ओळ अर्धी कापली गेली. ती नेमकी "आपला, मानद सचिव". मी लगेच ओळी सोडून वायपिक्सेल्स, म्हणजे उभे पिक्सेल, मोजायला लागलो, त्याला मूळ फॉन्टच्या लाइनस्पेसनं, म्हणजे एका ओळीच्या उंचीनं, भागलं आणि उत्तर वरच्या पूर्णांकाला नेलं. काका मागे उभेच.

"पाण्याची वेळ कापली गेली तरी चालेल रे," म्हणाले, "लोक फोन करून विचारतात. सचिव कापायचा नाही."