सिमेंटचं घमेलं

एका जुन्या दगडी कचेरीच्या भिंतीला टेकून ठेवलेलं सिमेंटचं घमेलं आज दिसलं आणि डोकंच फिरलं. दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायला! आधी ग्राइंडरने सांध्यातला चुना उकरायचा, त्यात दगडाच्या कडा उडवायच्या, मग वरून करडी पट्टी ओढायची. याला दुरुस्ती म्हणतात.

सिमेंट पक्कं असतं हो, तीच तर भानगड आहे. भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या सांध्यातून सावकाश बाहेर पडते. सांध्याचं तोंड सिमेंटने बंद केलं की ती दगडातून वाट काढते. येताना क्षार आणते, ते पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. काळा दगड एक वेळ सोसेल. पोरबंदरी दगड म्हणजे मऊ, सच्छिद्र चुनखडक. तिथे काही पावसाळ्यांत सिमेंटची पट्टी ताठ उभी आणि भोवतीचा दगड झिजून आत गेलेला!

मुंबईत ओव्हल मैदानासमोरचं जुनं सचिवालय बघा. कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्सचा आराखडा, 1874 मध्ये पूर्ण, व्हेनेशियन गॉथिक घाट. दर्शनी लांबी 443 फूट, मधल्या जिन्यावरचा मनोरा 170 फूट. पोरबंदरी दगडाचं तोंड, कोरीवकाम इथल्याच कारागिरांचं. पश्चिमेच्या कमानदार व्हरांड्यांची कुणी तारीफ करत नाही, पण खरी अक्कल तिथे आहे. दुपारचं ऊन आणि तिरका पाऊस तिथेच अडतो, समुद्राचा वारा मात्र आत येतो. पहिल्या मजल्यावर कौन्सिल हॉल आणि गव्हर्नरच्या खोल्या होत्या. कारभार 1955 मध्ये नव्या सचिवालयात, म्हणजे आजच्या मंत्रालयात गेला आणि इथे दिवाणी व सत्र न्यायालय आलं. 2018 पासून हा सगळा पट्टा जागतिक वारसा यादीत आहे.

साहेबाने स्वतःचा रुबाब दाखवायला बांधलं, मान्य. छिन्नी आपल्या माणसांच्या हातात होती.

तर, ते घमेलं. त्यात काय हवं होतं? चुनकळी विझवून, चाळून, निदान महिनाभर पाण्याखाली मुरवलेला चुना एक भाग, सुरखी (विटांची भुकटी) एक, धुतलेली वाळू दोन. दगड बघून प्रमाण थोडं हलतं, म्हणून आधी कोपऱ्यात नमुना करायचा. सांधा हातछिन्नीने, रुंदीच्या दुप्पट खोल मोकळा करायचा. धूळ झाडायची, दगड ओला करायचा, मसाला थरांत दाबून भरायचा. दगडाच्या तोंडावर एक थेंब चढू द्यायचा नाही. वर ओलं गोणपाट, निदान आठवडाभर. भर उन्हात किंवा पावसाच्या तोंडावर हे काम काढलं की चुना भुगा होतो किंवा वाहून जातो, आणि मग 'चुना टिकत नाही' म्हणून बोंब.

चुन्याला वेळ लागतो आणि तो जाणणारे गवंडी थोडे उरलेत, हेही खरं. त्या घमेल्यापाशी बसलेल्या गवंड्यावर राग नाहीच. त्याच्या हातात जे दिलं ते तो भरतोय, आणि हात सफाईदार होता. निविदेत 'सिमेंट पॉइंटिंग', म्हणजे सिमेंटने दर्जा भरणं, लिहिणाऱ्याने एकदा भरपावसात येऊन त्या भिंतीला तळहात लावून बघावा.