बांगड्याच्या गाठी आणि कोमट पाण्याचा घातक उपाय

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी अलिबागहून मावशीचा फोन आला. "अगं, तोंड लालबुंद झालंय, डोकं ठणकतंय, छाती धडधडतेय. दुपारी नुसता बांगडाच खाल्ला होता." डॉक्टरांनी ॲलर्जीवरचं इंजेक्शन दिलं आणि रात्रीपर्यंत तिला उतार पडला. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा कळलं, की सकाळी आणलेले बांगडे तिने तीन तास ओट्यावर कोमट पाण्यात ठेवले होते. का, तर भिशीच्या ग्रुपवर तसा मेसेज आला होता.

मेसेज थोडक्यात असा: बांगडा, सुरमई, कुपा यांच्या कल्ल्यांत पिवळ्या गाठी असतात, ती विषारी जंतांची अंडी. शिजवूनही ती मरत नाहीत, मेंदूत जातात, कॅन्सर करतात. म्हणूनच सरकार पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवतं. उपाय म्हणजे हळद आणि दोन चमचे व्हिनेगर घातलेल्या कोमट पाण्यात मासे तीन तास ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांनी दर महिन्याला जंताची गोळी घ्या.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मुलांबरोबर बांगड्याचे कल्ले कितीतरी वेळा उघडून पाहिलेत. त्यामुळे हा मेसेज वाचून चीड येते, आणि सगळ्यात जास्त चीड त्यातल्या उपायाची येते.

बांगडा, सुरमई, कुपा हे एकाच कुळातले मासे. त्यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा बर्फाबाहेर राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. तोंड लाल होणं, डोकेदुखी, धडधड, अंगावर गांधी, ही सगळी त्याची लक्षणं, आणि ती जेवणानंतर काही मिनिटांपासून तासा-दोन तासांत दिसतात. एकदा तयार झालेलं हिस्टामिन उकळून जात नाही, तळून जात नाही, फ्रीजरमध्ये ठेवूनही जात नाही. माशाला वास येईलच असंही नाही. आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्सने अशा माशांसाठी किलोमागे २०० मिलिग्रॅम हिस्टामिनची मर्यादा घातली आहे, ती याचसाठी. आणि मेसेज सांगतो, हाच मासा तीन तास कोमट पाण्यात ठेवा! जिवाणूंना याहून सोयीचं काय हवं? दोन चमचे व्हिनेगरने ते थांबत नाहीत. जंत काढण्याच्या नावाखाली घरोघरी विषबाधेची कृती वाटली जाते आहे. मावशीला नेमकं हेच झालं असावं, असं डॉक्टरांचंही मत पडलं.

आता त्या गाठी. त्या असतात, हे खरं. डिडिमोझोइड नावाचे चपटे कृमी या माशांच्या कल्ल्यांत, आतड्याच्या भिंतीत, कधी मांसात पिवळसर कोष करून राहतात. एका कोषात बहुतेक वेळा दोघे जोडीने असतात आणि अंड्यांनी गच्च भरलेले असतात. म्हणजे "अंडी" हा शब्द अगदीच खोटा नाही. कल्ल्यांवर आणखीही चपटे कृमी असतात, आकड्यांनी नाहीतर चिमट्यांनी घट्ट धरून बसलेले. मासा मेला की तेही फार वेळ टिकत नाहीत. पण या दोघांचं जगणं माशात ठरलेलं आहे. माणसाच्या पोटात ते रुजत नाहीत. याचा पुरावा जपानमधून मिळतो. तिथे उडत्या माशांच्या मांसात असाच एक डिडिमोझोइड असतो आणि त्याची अंडी अधूनमधून माणसांच्या शौचात सापडत. १९७१ साली कामेगाई या संशोधकाने त्या कृमीच्या नावाचा छडा लावणारा निबंधच प्रसिद्ध केला. मासा खाल्ला, अंडी आतड्यातून जशीच्या तशी बाहेर पडली. त्या माणसांना जंत झाले नव्हते, खाल्लेल्या माशातली अंडी तेवढी दिसली होती. आपण तर कल्ले कापून टाकतो आणि उरलेला बांगडा तिरफळं घालून रटरटवतो.

कॅन्सरच्या मुद्द्यात मात्र अर्धं सत्य आहे, आणि नाइलाजाने का होईना, ते मान्य करायला हवं. माशांतून येणारा एक चपटा कृमी खरोखर यकृताच्या पित्तनलिकांत राहतो आणि तिथे कॅन्सरला कारण ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ साली थायलंड-लाओसकडच्या या कृमीला कॅन्सरकारक ठरवलं, पुढे चीन-कोरियातल्या त्याच्या भाऊबंदालाही. पण तो येतो गोड्या पाण्यातल्या माशांतून, आणि तेही ते कच्चे किंवा अर्धेकच्चे खाल्ले तर. समुद्रातल्या बांगड्याशी त्याचा संबंध नाही. सुशी खाणाऱ्यांनी समुद्री माशांतल्या ॲनिसाकिस या गोल कृमीची काळजी जरूर घ्यावी. मासा उणे २० अंशांवर सात दिवस गोठवला किंवा नीट शिजवला की तो मरतो. व्हिनेगरमध्ये मात्र तो चांगला तग धरतो.

मेंदूतला जंत हा डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीचा प्रकार. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून न धुतलेल्या भाज्यांवर, हातांवर येतात. मासा यात कुठेच नाही. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी ही माशांच्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रामुळे असते. कोणत्याही कोळणीला विचारा, ती सांगेल.

राहिली गोळी. शाळेत १० फेब्रुवारीला मुलांना देतात ती अल्बेंडाझोल, मातीतून येणाऱ्या गोल जंतांसाठी. माशांतून माणसाला होणाऱ्या चपट्या कृमींवर डॉक्टर वेगळं औषध देतात, प्राझिक्वांटेल. म्हणजे मेसेज सगळा खरा धरला, तरी त्यातली गोळी चुकीची. आणि गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल टाळायची असते.

मावशीच्या सुनेला दुसरा महिना आहे. "घरातल्या सगळ्यांनी" म्हणून तिच्याही वाट्याची गोळी मावशीने आणून फडताळात ठेवली होती. मी ती पाकिटासकट उचलून आणली.