गंध लावलेला तो आपला?

रात्रीचे साडेअकरा झालेत, उद्या ऑफिस आहे, पण हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

महाराजांवरच्या एका मालिकेत (नाव घेत नाही, उगाच टीआरपी कशाला वाढवू) आज पुरंदरचा वेढा होता. मुघल सरदार दिलेरखान आला. डोळ्यांत बोटभर काजळ, हातात कोंबडीची तंगडी, मागे नुसता धडधडाट. माझी दुसरीतली लेक लगेच म्हणाली, "हा वाईट." मग मिर्झाराजे जयसिंग आले. कपाळावर गंध, मागे बासरी. "हा आपला." म्हटलं, अगं बाळा, हाच तर औरंगजेबाचा सेनापती. १६६५ च्या तहात यानेच आपले २३ किल्ले घेतले. ती ऐकेना. "पण बाबा, त्याला गंध आहे ना!"

पोरीचं काय चुकलं? रोज रात्री शिकवतात तेच ती बोलली.

सभासद बखर, म्हणजे महाराजांचं जुनं चरित्र, काढून बघा. मिर्झाराजे शिवाजीवर यश यावं म्हणून कोटिचंडी करवतात, ब्राह्मण अनुष्ठानाला बसवतात. आणि दिलेरखान? पुरंदर लढवणाऱ्या मुरारबाजींचं शौर्य बघून तो 'कौल घे', म्हणजे अभय घेऊन आमच्याकडे ये, म्हणतो. ते नकार देतात. मग त्याच्याच बाणाने ते पडतात, आणि असा शिपाई खुदाने पैदा केला म्हणून तोच तोंडात बोट घालतो. एवढं तयार नाट्य बखरीत पडलेलं असताना या लोकांनी त्याच्या हातात तंगडी दिली!

आमच्या चौथीच्या गॅदरिंगला अफजलखानाचा वध होता. वर्गात एकच मुसलमान मुलगा. वर्गातला सगळ्यात काडीपैलवान. त्याला जिवा महाला व्हायचं होतं, दांडपट्टा घरी फिरवून फिरवून आला होता. बाई म्हणाल्या, "नाही रे, तू खान हो, तुला शोभेल." पोटाला उशी बांधली. जिवा महाला मला दिला. मला! घोषणा देतानासुद्धा रडू यायचं मला. वध होताना उशी सुटून खाली पडली आणि अख्खा हॉल हसला.

त्या नाटकात खानाचा वकील कृष्णाजी भास्कर नव्हता. महाराजांच्या दहा अंगरक्षकांतला सिद्दी इब्राहिमही नव्हता. दोघांनाही बाईंनी गाळलं, की पुस्तक बसवणाऱ्याने, देव जाणे. मला तर सिद्दी इब्राहिम हे नाव कॉलेजात कळलं. त्या पोराला तेव्हाच सांगितलं असतं कुणी, तर तेवढं तरी मागितलं असतं त्याने.

आता कमेंटमध्ये येतीलच, म्हणून आधीच सांगतो. औरंगजेबाने देवळं पाडली, १६७९ ला जिझिया कर लादला. ते दाखवायलाच हवं, कोण नाही म्हणतंय? आणि हो, आपल्या बाजूचे लोक मदारी मेहतरची, म्हणजे आग्र्याहून सुटताना महाराजांना मदत करणाऱ्या मुसलमान सेवकाची, गोष्ट छातीठोकपणे फॉरवर्ड करतात, तीही कच्चीच आहे. झालं समाधान?

पण मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. यात महाराज लहान होतात हो! समोरचा कोण ते गंधावरून नि काजळावरून कळत असेल, तर राजकारण करायची गरजच काय उरली? जावळीचे मोरे कोण होते? शहाजीराजांना कैद करणारे बाजी घोरपडे कोण होते? १६७७ ला महाराज भागानगरला, म्हणजे हैदराबादला, जाऊन गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी दोस्ती करतात, दक्षिणची पातशाही दक्षिण्यांच्याच हाती राहावी म्हणून मालोजी घोरपड्यांना पत्र लिहितात. तो भाग येईल तेव्हा कुतुबशहाला काजळ लावणार की गंध? की तो भागच एका रात्रीत उरकणार?

शत्रूने लिहिलेलं तरी वाचा. मुघलांचा इतिहासकार खाफीखान महाराजांना शिव्या घालतो, आणि त्याच पानांत कबूल करतो की मशिदीला, कुराणाला, बायकांना हात लावायचा नाही असा त्यांचा हुकूम होता. शिव्या घालणाऱ्याला जे लपवता आलं नाही ते आमच्या भक्तांनी लपवलं.

जाऊ दे. बाई वाईट नव्हत्या. मला पाढे त्यांनीच शिकवले, त्या पोराची फीसुद्धा एकदा त्यांनी भरली होती. म्हणून तर जास्त त्रास होतो.

तो अजून मित्र आहे. पोटही सुटलंय आता, उशी लागणार नाही. ही मालिका तो एक दिवस चुकवत नाही. मघाशी त्याचा मेसेज आला, "मुरारबाजी पडले रे आज. जेवण गेलं नाही." मी त्याला लेकीचं ते गंधाचं सांगितलं. बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं:

"मग मीपण लावतो गंध. आता तरी देतील का जिवा महाला?"