अंगठी विकली तर पाच सामने

टेरेल प्रायर हे नाव भारतातल्या मित्रांनी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. 2010 साली तो ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चाल चालवणारा, होता. (फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकेतला, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. याला फुटबॉल का म्हणतात हा वाद घालून मी दमलोय, कमेंटमध्ये पुन्हा सुरू करू नका.) प्रायर आणि त्याच्या चार सहकाऱ्यांनी आपल्याला मिळालेल्या वस्तू, म्हणजे बिग टेन या लीगची स्पर्धा जिंकल्याची अंगठी, जर्सी असलं काहीबाही, विकून पैसे घेतले आणि टॅटूही गोंदवून घेतले. कॉलेज खेळांची देशभरची सूत्रं ज्या एनसीएएकडे आहेत, तिने पाचही जणांना पुढच्या मोसमातल्या पाच सामन्यांसाठी बाहेर बसवलं. प्रायरने 2,500 डॉलर दान करायचे, असा अगदी पै-पैचा हिशेबही लावला.

गंमत पुढे आहे. शिक्षा पुढच्या मोसमात. त्याआधी 4 जानेवारी 2011 ला शुगर बोल होता, मोठा सामना, मोठा पैसा. तो मात्र पाचही जणांना खेळू दिला! कारण काय, तर मुलांना नियम नीट समजावून सांगितले नव्हते म्हणे. मग पुढच्या मोसमात तरी कशासाठी बसवलं? ओहायो स्टेटने तो सामना 31-26 असा जिंकला. पुढे उघड झालं की प्रशिक्षक जिम ट्रेसेल यांना हा प्रकार एप्रिल 2010 पासून ईमेलवरून कळलेला होता आणि ते गप्प बसले होते. मे 2011 मध्ये त्यांनी राजीनामा दिला, तो विजयही रेकॉर्डमधून पुसला गेला. ट्रेसेलसाहेब 2025 मध्ये ओहायोचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले.

एवढं सगळं सांगितलं ते एका प्रश्नासाठी. अंगठी विकली तर पाच सामने. बाईला मारलं तर किती?

एनसीएएच्या नियमांत याचं उत्तर सापडत नाही. मार्क किती हवेत, क्रेडिट किती हवेत, एजंटशी काय बोलायचं, सगळं लिहिलेलं. 2009 मध्ये ओक्लाहोमा स्टेटच्या डेझ ब्रायंटचा उरलेला अख्खा मोसम गेला, कारण माजी खेळाडू डियॉन सँडर्सशी झालेल्या भेटीबद्दल तो चौकशीत खरं बोलला नाही. ती भेट मुळात नियमाविरुद्ध नव्हतीच. खोटं बोलणं वाईट, मान्य. पण मारहाणीचा गुन्हा दाखल झाला तर किती सामने, याचा आकडा त्या पुस्तकात नाही. तो विषय कॉलेजवर सोडलेला, आणि कॉलेजमध्ये बहुतेक वेळा प्रशिक्षकावर. म्हणजे ज्याची नोकरी शनिवारच्या सामन्याच्या निकालावर टिकते, त्याच्याच हातात.

यातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं प्रकरण 1995 चं, नेब्रास्काचं. नेब्रास्का म्हणजे फुटबॉलची पंढरी. 1962 पासून तिथला प्रत्येक घरचा सामना हाउसफुल्ल असतो. प्रशिक्षक टॉम ऑसबर्न, शांत, देवभोळा माणूस, राज्यात शब्दाला मान. लॉरेन्स फिलिप्स हा त्यांचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा. मिशिगन स्टेटविरुद्ध त्याने 206 यार्ड धाव घेतली, चार टचडाउन (फुटबॉलमधले गोलच म्हणा) केले आणि त्याच रात्री उशिरा एका सहकाऱ्याच्या घरात घुसून आपल्या आधीच्या मैत्रिणीला मारहाण केली, जिन्यावरून ओढत खाली नेलं. अटक झाली. ऑसबर्न आधी म्हणाले, संघाबाहेर. मग ते निलंबन झालं. सहा सामन्यांनंतर फिलिप्स परत मैदानात. जानेवारी 1996 च्या फिएस्टा बोलमध्ये त्याने 165 यार्ड काढले, नेब्रास्काने फ्लोरिडाचा 62-24 असा फडशा पाडला आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

ऑसबर्न यांचं म्हणणं थट्टेवारी नेण्यासारखं नाही. हा मुलगा कॅलिफोर्नियात ग्रुप होममध्ये वाढलेला, घर असं नाहीच. फुटबॉल, सराव, वेळापत्रक हीच त्याच्या आयुष्यातली एकमेव शिस्त. तीही काढून घेतली तर तो पार वाहवत जाईल, असं त्यांना वाटत होतं. मला हे प्रामाणिक वाटतं. फिलिप्स नसतानाही संघ सगळे सामने जिंकत होता, त्यामुळे केवळ जिंकण्यासाठी परत घेतलं हा आरोपही तितकासा चिकटत नाही.

पण ती मुलगी? तीही त्याच विद्यापीठाची खेळाडू होती. बास्केटबॉल संघात. तिचीही शिष्यवृत्ती, तिचाही सराव, तिचंही वेळापत्रक. तिच्या शिस्तीचं, तिच्या झोपेचं, त्याच कॅम्पसवर त्याच्यासमोरून जाण्याचं काय, याची काळजी वाहायला 62-24 जिंकणारा कोणी नव्हता. प्रशिक्षक आपल्या मुलाचा बाप होतो हे मला समजतं. बापाने बापासारखं वागावं. पण मग निवाडा त्याच्याकडे नको, एवढंच माझं म्हणणं आहे.

फिलिप्सचं पुढे काय झालं? 1996 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, सहावा क्रमांक, दीड मोसमात संघातून हकालपट्टी, 2005 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पोरांच्या अंगावर गाडी घातली, तीस वर्षांहून जास्त शिक्षा, तुरुंगात कोठडीतल्या साथीदाराच्या खुनाचा आरोप आणि जानेवारी 2016 मध्ये तिथेच मृत्यू. वय 40. काही लोक म्हणतात, बघा, फुटबॉल सुटलं आणि तो बुडाला, म्हणजे ऑसबर्न बरोबर. मला उलटं वाटतं. वयाच्या विसाव्या वर्षी त्याला एवढंच शिकवलं गेलं की 165 यार्ड काढले की बाकीचं मागे पडतं.

फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक जेमिस विन्स्टन, त्याचं प्रकरण थोडक्यात. बलात्काराच्या तक्रारीची पोलिसांनी ढिसाळ चौकशी केली, सरकारी वकिलांनी डिसेंबर 2013 मध्ये आरोप ठेवायला नकार दिला, पुढे विद्यापीठाच्या सुनावणीतही तो दोषी ठरला नाही. विद्यापीठाने मात्र 2016 मध्ये तक्रारदार मुलीशी 9,50,000 डॉलरची तडजोड केली. या तक्रारीपायी तो एकाही सामन्याला मुकला नाही. मुकला कशापायी? 2014 च्या सप्टेंबरमध्ये कॅम्पसवर टेबलावर उभा राहून अश्लील ओरडला म्हणून. आधी अर्धा सामना, मग लोक खवळले तेव्हा आदल्या रात्री उशिरा पूर्ण सामना. हा आकडा कोणत्या कोष्टकातून आला? कुठल्याच नाही. लोक किती चिडलेत त्यावर.

आता इलिनॉयला येतो, कारण आमच्या मराठी ग्रुपवर सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरूनच झाली. अर्ध्या घरांतली पोरं तिथे शिकलेली, नारिंगी टी-शर्ट कपाटात आहेतच. बास्केटबॉलचा टेरेन्स शॅनन ज्युनियर. डिसेंबर 2023 च्या शेवटी कॅन्सासमध्ये त्याच्यावर बलात्काराचा आरोप ठेवला गेला आणि विद्यापीठाने लगेच निलंबित केलं. इथे निर्णय प्रशिक्षकाचा नव्हता, लिखित धोरणाचा होता. म्हणजे मी मागतोय तेच! तरी शॅनन फेडरल कोर्टात गेला आणि 19 जानेवारी 2024 ला न्यायाधीश कॉलीन लॉलेस यांनी निलंबनाला स्थगिती दिली. न खेळल्याने त्याचं जे आर्थिक नुकसान होईल ते नंतर भरून येणारं नाही आणि त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली गेली नाही, असा सूर. सहा सामने चुकवून तो परतला, इलिनॉय राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत पोचलं. जून 2024 मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं.

ग्रुपवर दोन तट पडले होते. एका काकांचं म्हणणं, आरोप आहे तोवर बसव बाहेर, मोठ्या मोठ्या कंपन्याही तेच करतात. माझी मैत्रीण वकील आहे, ती म्हणाली, कंपनी पगारी रजेवर पाठवते, याला पगारी रजा कुठून? निकाल लागल्यावर बरेच जण गप्प झाले. मला विचाराल तर कोर्टाचं बरोबर होतं, आणि निर्दोष सुटला म्हणून नव्हे. तो दोषी ठरला असता तरीही जानेवारीत त्याचं म्हणणं आधी ऐकून घ्यायला हवं होतं. धोरण लिहिलं की काम झालं असं नाही. तक्रारदार मुलीचं आणि खेळाडूचं, दोघांचंही ऐकणारं, खेळविभागाच्या पगारावर नसलेलं मंडळ हवं. काही आठवड्यांत निर्णय हवा. आणि तोवर काय करायचं हे मोसम सुरू होण्याआधी ठरलेलं हवं, ड्यूकसारख्या तगड्या संघाविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या दिवशी नव्हे.

पैसा आल्याने हे आणखी निकडीचं झालंय. जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावता येतं. जुलै 2025 पासून तर कॉलेजंच त्यांना थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. खेळाडूने स्वतःच्या नावावर पैसे कमावणं हा गुन्हा आज गुन्हाच उरलेला नाही. अख्ख्या नियमपुस्तकातली जी पानं सगळ्यात जाड होती तीच रद्दीत गेली आणि जे पान कोरं होतं ते कोरंच आहे.

शिवाय आता शिक्षा कॉलेजच्या फाटकाबाहेर जात नाही. ब्रिगहॅम यंग विद्यापीठ मॉर्मन चर्चचं, तिथे लग्नाआधी संबंध ठेवले तरी ऑनर कोड, म्हणजे विद्यापीठाची आचारसंहिता, मोडतो. 2011 मध्ये बास्केटबॉल संघ देशात तिसरा असताना त्यांनी ब्रँडन डेव्हिसला याच कोडखाली घरी बसवलं. तो नियम मला पटत नाही, प्रौढ मुलांच्या खोलीत डोकावू नये. पण त्यांनी वेळ पाहिली नाही, हे मानावं लागेल. डेव्हिस पुढच्या वर्षी परत तिथेच खेळला. 2025 मध्ये त्याच विद्यापीठाचा क्वार्टरबॅक जेक रेट्झलॅफ, सात सामन्यांचं निलंबन समोर दिसल्यावर, सरळ ट्युलेन या दुसऱ्या विद्यापीठात गेला आणि तिथे पहिल्याच सामन्यापासून खेळला. त्याचं निलंबन याच ऑनर कोडखालचं होतं, मला त्याचा राग नाही. पण हाच रस्ता फिलिप्ससारख्यालाही मोकळा आहे. एसईसी या लीगने 2015 मध्ये नियम केला की गंभीर गैरवर्तनासाठी दुसरीकडून काढलेला खेळाडू आमच्याकडे घ्यायचा नाही. हा नियम देशभर लावायला एनसीएएला कोणी अडवलंय, हे ओहायो, इलिनॉय, टेक्साससारख्या ठिकाणी फी भरणाऱ्या आईबापांनी विद्यापीठांना पत्र लिहून विचारायला हरकत नाही. मी माझं पाठवलंय.