‘गाठी रोबोट काढेल’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज हातोहात फिरतोय. वृषणाच्या कॅन्सरमध्ये केमोनंतर पोटात गाठी उरल्याच तर रोबोट त्या चार छिद्रांतून काढतो, दोन दिवसांत माणूस घरी. पोट उघडणारे सर्जन जुन्या वळणाचे. मार्कर, म्हणजे रक्तात दिसणाऱ्या कॅन्सरच्या खुणा, नॉर्मल असतील तर ऑपरेशनच नको, आणि केलंच तर पुरुषत्व गेलं म्हणून समजा. एका दमात इतकं सगळं!

आधी मार्करचं बघू, कारण खरा धोका तिथे आहे. एएफपी आणि बीटा-एचसीजी हे मार्कर खाली आले म्हणजे ते तयार करणाऱ्या पेशी आटोक्यात आल्या, एवढंच कळतं. या कॅन्सरचे सेमिनोमा आणि नॉन-सेमिनोमा असे दोन मुख्य प्रकार. नॉन-सेमिनोमात उरलेल्या गाठी काढून तपासल्या, तर ढोबळमानाने निम्म्या रुग्णांत नुसता मेलेला भाग किंवा वण निघतो, सुमारे ४० टक्क्यांत टेराटोमा (वेगवेगळ्या ऊतींची मिळून बनलेली गाठ) आणि १० ते १५ टक्क्यांत जिवंत कॅन्सर. टेराटोमा मोठा चिवट. तो रक्तात सहसा खूण ठेवत नाही, पेट स्कॅनवर बहुधा चमकत नाही, केमोला दाद देत नाही. पण वाढत राहतो, मूत्रवाहिनी दाबतो आणि क्वचित वेगळ्याच, जास्त आक्रमक कॅन्सरमध्ये बदलतो. म्हणून मार्कर नॉर्मल आणि सीटीवर १ सेंटीमीटरहून मोठी गाठ असेल, तर ती काढायला सांगतात. मेसेजवाल्याने ज्या गोष्टीला सुटका मानलंय, ती खरं तर ऑपरेशनची वेळ झाल्याची खूण आहे. (शुद्ध सेमिनोमाचं वेगळं. तिथे बहुतेकदा नुसतं लक्ष ठेवून भागतं.)

‘रोबोट काढतो’ हे पेनाने पत्र लिहिलं म्हणण्यासारखं झालं. सर्जन कन्सोलवर बसून बोटं हलवतो, अवजारं तशी हलतात. त्याला दिसतं मोठं आणि खोलीसकट, पण समोरचा भाग किती कडक आहे हे हाताला फारसं जाणवत नाही.

आणि इथे तेच जाणवायला हवं असतं. केमोनंतर गाठी महाधमनी आणि महाशिरेला सिमेंटसारख्या चिकटून बसतात. सर्जन वाहिनीवरचं आवरण उभं चिरतो, दोन्ही बाजूंना गुंडाळत उतरवतो. कंबरेकडच्या बारीक रक्तवाहिन्या एकेक बंद करून तोडतो, मग महाधमनी अलगद उचलून तिच्यामागच्या लसीका ग्रंथीही काढतो. छिद्रांतून करा की छातीच्या खालपासून ओटीपोटापर्यंत चिरून, आत हे सगळं व्हायलाच हवं. मोठी वाहिनी फाटली तर रोबोट बाजूला सारून तिथल्या तिथे पोट उघडावं लागतं. ‘जुन्या वळणाचा’ सर्जन तेव्हा आठवतो.

रोबोटचे फायदे खोटे नाहीत. रक्त कमी जातं, दुखणं कमी, निवडक रुग्ण दोन दिवसांत घरी जातातही. पण ते रुग्ण निवडलेलेच असतात, छोट्या गाठींचे, अनुभवी हातांखालचे. त्यांची तुलना मोठ्या गाठींच्या ओपन ऑपरेशनशी करणं म्हणजे एका वर्गाला सोपा पेपर, दुसऱ्याला अवघड, आणि निकाल मात्र एकत्र. शिवाय रोबोटच्या ऑपरेशननंतर पोटाच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे एरवी सहसा न दिसणाऱ्या जागी, कॅन्सर उलटल्याच्या मोजक्या नोंदी आल्या आहेत. मोजक्याच, तरी अशा ऑपरेशनआधी मी सर्जनला छिद्रांची संख्या विचारणार नाही. तुम्ही अशी ऑपरेशनं वर्षाला किती करता आणि मागच्या ग्रंथीही काढता का, हे विचारेन.

राहिलं पुरुषत्व. ताठरतेच्या नसा इथे नसतातच. महाधमनीच्या पुढून जातात त्या वीर्य बाहेर टाकणाऱ्या नसा. त्या दुखावल्या तर वीर्य बाहेर येत नाही, इच्छा आणि ताठरता राहतात. दोन्ही पद्धतींत त्या वाचवता येतात, पण केमोनंतर दर वेळी जमत नाही. मूल हवं असेल तर वीर्य गोठवून ठेवायचं ते केमोच्या पहिल्या सलाईनच्या आधी. नेमकी हीच ओळ मेसेजमध्ये नाही.