सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोल कोणाचे? फिरत्या मजकुराला उत्तर

सांगलीत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘चालू घडामोडी’ या मथळ्याखाली एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये जगात सर्वाधिक गोल क्रिस्टियानो रोनाल्डोचे आहेत, कॅनडाच्या महिला संघातल्या ख्रिस्तीन सिंक्लेअरचे १९० गोल सांगितले जातात, परंतु ते दुबळ्या संघांविरुद्धचे आहेत, जास्त सामने खेळून केलेले आहेत आणि त्यांतून एकही मोठे विजेतेपद मिळालेले नाही, म्हणून ते अधिकृत विक्रमात धरले जात नाहीत. रोनाल्डोच्या थोरवीबद्दल वाद नाही. इराणच्या अली दाईचा १०९ गोलांचा विक्रम त्याने २०२१ मध्ये मोडला आणि पुरुषांच्या फुटबॉलमधला विक्रम त्याचाच आहे. मजकुरातले बाकीचे मुद्दे मात्र तपासायला घेतले की एकामागून एक गळून पडतात.

‘अधिकृत नाही’ हा मुद्दा लवकर निकालात निघतो. अमेरिकेच्या ॲबी वॉम्बॅकचा १८४ गोलांचा विक्रम सिंक्लेअरने २९ जानेवारी २०२० रोजी मोडला, आणि जानेवारी २०२२ च्या पुरस्कार सोहळ्यात फिफाने गोलांच्या विक्रमासाठी सिंक्लेअर आणि रोनाल्डो या दोघांनाही विशेष पुरस्कार दिला. जी संघटना विश्वचषक भरवते तिने हे गोल धरले आहेत. मग न धरणारे कोण, हे मजकूर लिहिणाऱ्यानेच सांगावे. पुरुषांचा विक्रम तोच जगाचा विक्रम समजण्याची ही गफलत क्रिकेटमध्येही होते. एकदिवसीय सामन्यातले पहिले द्विशतक सचिनचे, २०१० चे, असे आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने १९९७ मध्येच, तेही मुंबईत, नाबाद २२९ धावा केल्या होत्या. स्मृती मानधनाच्या गावात तरी ही चूक होऊ नये.

आता दुबळ्या संघांचा मुद्दा. त्यात तथ्याचा अंश आहे. विक्रम मोडणारा गोल सेंट किट्स आणि नेव्हिसविरुद्धचा होता आणि तो सामना कॅनडाने ११-० असा जिंकला होता. पण ही चाळणी एकदा हातात घेतली की ती दोघांनाही लावावी लागते. रोनाल्डोने २०१६ मध्ये अँडोराविरुद्ध एकाच सामन्यात चार आणि २०१९ मध्ये लिथुआनियाविरुद्ध पुन्हा चार गोल केले; लक्झेंबर्गविरुद्धच्या त्याच्या गोलांची संख्या तर दोन अंकी आहे. पात्रता फेरीत लहान देश वाट्याला येणारच, आणि त्यांच्याविरुद्धचे गोल कोणीही वजा करत नाही.

शिवाय बलाढ्य संघांसमोर सिंक्लेअरने काय केले, हे मजकुरात सोयीस्करपणे गाळले आहे. २०११ च्या विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशी बर्लिनमध्ये तिची गाठ यजमान जर्मनीशी पडली. आधीची, २००७ ची, स्पर्धा जर्मनीने एकही गोल न स्वीकारता जिंकली होती. त्या सामन्यात कोपर लागून सिंक्लेअरचे नाक मोडले. तशाच अवस्थेत ती मैदानात परतली आणि ८२ व्या मिनिटाला फ्री किकवर तिने गोल केला. कॅनडा १-२ असा हरला खरा, पण हा गोल कोणाला दुबळ्या संघाविरुद्धचा म्हणता येईल?

त्याहून मोठा सामना ६ ऑगस्ट २०१२ चा, लंडन ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीतला. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर समोर अमेरिका होती, जिने पुढे त्या स्पर्धेचे सुवर्णपदकही जिंकले. सिंक्लेअरने २२ व्या मिनिटाला पहिला गोल केला, नंतर ६७ व्या आणि ७३ व्या मिनिटाला हेडरने आणखी दोन. कॅनडाने तीनदा आघाडी घेतली आणि अमेरिकेने तीनदा बरोबरी साधली. तिसरी बरोबरी ज्या पेनल्टीवर झाली तिच्या मुळाशी कॅनडाच्या गोलरक्षकाने चेंडू सहा सेकंदांहून अधिक वेळ हातात धरल्याबद्दल दिलेला, क्वचितच कोणी देत असेल असा निर्णय होता. अतिरिक्त वेळेच्याही अखेरीस ॲलेक्स मॉर्गनने हेडरवर सामना ४-३ असा संपवला. जगातल्या सर्वोत्तम संघाविरुद्ध एकटीने तीन गोल करूनही हरलेल्या खेळाडूला ‘दुबळ्यांविरुद्ध गोल करणारी’ म्हणणे हा निव्वळ अडाणीपणा आहे.

जास्त सामन्यांचा आक्षेप आकड्यांपुरता खरा आहे. ३३१ सामन्यांत १९० गोल म्हणजे सामन्यामागे सुमारे ०.५७, आणि रोनाल्डोची सरासरी याहून थोडी वर आहे. मात्र विक्रम सरासरीवर ठरवायचा असेल, तर रोनाल्डोही पहिला राहत नाही: हंगेरीच्या पुश्काशचे ८५ सामन्यांत ८४ गोल आहेत, आणि २५५ सामन्यांत १८४ गोल करणारी वॉम्बॅकही रोनाल्डोच्या पुढे जाते. जास्त सामने खेळले की गोल आपोआप वाढतात, हेही खरे नाही. सर्वाधिक ३५४ आंतरराष्ट्रीय सामने अमेरिकेच्या क्रिस्टीन लिलीचे, आणि तिचे गोल १३०. सिंक्लेअर मार्च २००० मध्ये सोळाव्या वर्षी संघात आली आणि डिसेंबर २०२३ मध्ये चाळिशीत आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाली. या सगळ्या काळात तिच्या देशात महिलांची व्यावसायिक लीगसुद्धा नव्हती.

राहिला विजेतेपदाचा मुद्दा. २०१२ आणि २०१६ मध्ये ऑलिंपिकचे कांस्य, आणि टोकियोला तिच्या नेतृत्वाखाली सुवर्ण. स्वीडनविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात तिला पेनल्टी क्षेत्रात पाडल्यामुळेच कॅनडाला पेनल्टी मिळाली आणि जेसी फ्लेमिंगने त्यावर बरोबरी साधली. विश्वचषक तिला मिळाला नाही, हे बरोबर. पण तिची कारकीर्द संपली तोवर तो रोनाल्डोलाही मिळाला नव्हता, आणि २००६ ते २०२२ या पाच विश्वचषकांतले त्याचे आठही गोल गटसाखळीतले आहेत. सिंक्लेअरने २०१५ च्या उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध गोल केला होता. पाच विश्वचषकांत गोल करणारा ‘जगातला पहिला’ खेळाडू म्हणून २०२२ मध्ये रोनाल्डोचे नाव असेच फिरले होते, तेही चुकीचे. ब्राझीलची मार्टा आणि सिंक्लेअर यांनी ते २०१९ मध्येच केले होते. सहाव्या विश्वचषकात गोल करण्याची संधी सिंक्लेअरला २०२३ मध्ये मेलबर्नला मिळाली, पण नायजेरियाच्या गोलरक्षकाने तिची पेनल्टी अडवली, आणि त्या स्पर्धेत मार्टालाही गोल करता आला नाही.